चढवलेला रंग

बाबू तोंडवळकराच्या बंगल्याची घंटा दाबली की आत प्लास्टिकचं पाखरू चिवचिवायचं. नीरजाने ती एकदाच दाबली आणि बोट पदराला पुसलं. मालवणात ट्रॉलर आले, ट्रॉलरवाल्यांकडे पैसा आला, आणि त्या पैशामागून मोझाइकच्या लाद्या, रंगीत टीव्ही, काचेच्या कपाटातल्या बाहुल्या असं सगळं ओळीने आलं. यातलं काहीच तिला सोसायचं नाही. हायस्कुलात ती इतिहास शिकवायची. पस्तिशीला टेकलेली, लग्न न केलेली. नीरजा मणचेकरच्या तोंडापेक्षा तिची नजर वाईट, असं शाळेतले मास्तर आपसात म्हणत, आणि ते तिच्या कानावर आल्यावर तिला बरंच वाटलं होतं.

ती नजर वडिलांची. बाबा मणचेकर कस्टममधून निवृत्त झालेले, पण त्यांची खरी ओळख जुन्या नाण्यांची. मुंबईचे संग्राहक त्यांचं मत मागवत. नीरजा परकरी पोर असल्यापासून त्यांनी तिला पडवीतल्या उन्हात बसवून नाणं कसं बघायचं ते शिकवलं होतं. मुलगा भाई. त्याला या गोष्टीत कधी रस नव्हता. तो आता कुडाळात वकिली करत होता, जिल्हा नवा झाल्यापासून त्याचं बरं चाललं होतं.

"येवा बाई, येवा," बाबू दारातच हात जोडून उभा होता. अंगात सफारी, गळ्यात बोटभर जाडीची साखळी. हा भाईचा वर्गमित्र. "बाबा बरे आसत मां?"

"बरे आहेत. नाणी दाखव."

बाबूची अडचण अशी होती की त्याच्याकडे तीन ट्रॉलर होते, बर्फाचा कारखाना होता, पण खानदान नव्हतं. जिल्हा परिषदेला उभं राहायचं तर तेही हवं, असं त्याला कुणीतरी पटवलं होतं. मग त्याने एक पूर्वज शोधून काढला. हा पूर्वज म्हणे किल्ल्याच्या आरमारात तांडेल होता, त्याने पोर्तुगीजांचं गलबत पकडलं आणि त्याला बक्षीस म्हणून सोन्याची नाणी मिळाली. ती आजवर घराण्यात जपून ठेवली होती आणि येत्या जत्रेला बाबू ती देवीला वाहणार होता. वाहण्याआधी कुणी जाणत्या माणसाने सभामंडपात उभं राहून दोन शब्द सांगावेत, एवढीच त्याची इच्छा.

"आमी सांगलां तर लोक हसतले," बाबू म्हणाला. "मणचेकरांच्या तोंडातसून शब्द पडलो की कोण हसता बघूया."

त्याने लाल मखमलीची थैली टीपॉयवर उपडी केली. ओंजळभर नाणी होती. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज राजाची ढाल. असली नाणी एकेकाळी गोव्याच्या टांकसाळीत पाडली जात. सगळ्यांवर तांबूस-जांभळी झाक होती आणि बाबू त्या झाकेकडे बोट दाखवून दाखवून सांगत होता, "बघा कसो रंग चडलो तो. दोनशे वर्षांचो रंग."

नीरजाने ट्यूबलाइट बंद करायला लावली. नाणी घेऊन ती बाहेर ओट्यावर उन्हात गेली आणि पर्समधून भिंग काढलं.

सोनं गंजत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण जुनं नाणं नुसत्या सोन्याचं नसतं. त्यात थोडं तांबं असतं, थोडी चांदी असते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हवेत ती दोघं हळूहळू रंग धरतात. बाबा त्याला मुरलेला रंग म्हणत. मुरलेला रंग खोलगट जागी बसतो, अक्षरांच्या कुशीत, क्रुसाच्या कडेला. तिथून तो वर येता येता विरत जातो, आणि उंचवट्यावर तर राहतच नाही, कारण तिथे माणसांचे हात लागलेले असतात. घाईघाईने दिलेला तो चढवलेला रंग. गंधकाची धुरी, तापलेला तवा, कसली कसली औषधं. त्या रंगाला खोल कुठे नि उंच कुठे ते कळत नाही.

बाबूच्या नाण्यांवर तर रंग असा माखला होता की नीरजाला हसू आलं. धक्क्याजवळच्या पाण्यावर डिझेलचा तवंग पसरतो, तशी निळी-जांभळी वर्तुळं क्रुसावरून बिनदिक्कत पलीकडे गेली होती. एका नाण्यावर कुणीतरी मुद्दाम ओरखडा काढला होता, जुनेपणासाठी, आणि त्या ओरखड्यातही तोच रंग, तेवढाच दाट. तिने नाणं नाकाशी नेलं. फटाक्याच्या कागदासारखा वास आला. एवढंही कमी म्हणून की काय, क्रुसाच्या उजव्या हातावर एक बारीक खाच होती आणि ती प्रत्येक नाण्यावर त्याच जागी होती. एका नाण्यावरून साचा काढून बाकीची पोरं जन्माला घातली होती.

'निदान सोनार तरी बरा गाठायचा,' ती मनात म्हणाली. फसवायचं तेही धड नाही. तिला बाबूच्या खोटेपणापेक्षा त्या खोटेपणातल्या आळसाची जास्त किळस आली. ती उठणार, तेवढ्यात शेवटचं नाणं तिच्या बोटांत आलं आणि ती तशीच बसून राहिली.

यावरही ती खाच होती. पण रंग निराळा. क्रुसाच्या कडांशी पिकल्या रातांब्यासारखा गडद, वर येता येता केशरी, आणि क्रुसाच्या माथ्यावर नुसतं नितळ सोनं. याला कुणी हात लावला नव्हता. बाकीच्यांची आई हीच. आणि हिच्या काठावर चार फिकट ठिपके होते, तीन जवळजवळ आणि एक फटकून लांब.

ते ठिपके नीरजाला पाठ होते. हे नाणं तिच्या पणजीच्या गळ्यात चार नख्यांच्या कोंदणात बसवलेलं होतं. एक नखी तुटली तेव्हा सोनाराने ती सरकवून भलतीकडेच जोडली. पुढे नाणं कोंदणातून काढलं तरी नख्यांखालची जागा हवा न लागल्याने फिकट राहिली. "हे जगातल्या कुणाला चढवता येणार नाही, नीरू," बाबा तिला म्हणाले होते. मुरलेला रंग म्हणजे काय, हे ती शिकली तेच या नाण्यावर.

आणि हे नाणं पंधरा वर्षांपूर्वी देवघरातून चोरीला गेलं होतं. चोर सापडलाही होता. सुगंधा नावाची गाबितवाड्यातली, मासेमारांच्या वस्तीतली तरणी बाई त्यांच्याकडे धुण्याभांड्याला होती, देवघर पुसायचं कामही तिचंच. बाबांनी तिला भर मासळी बाजारात गाठून चोर म्हटलं, तिच्या हातातली टोपली उलटी करायला लावली, कमरेची पिशवी झाडायला लावली. काहीच मिळालं नाही तेव्हा विकून खाल्लं असेल असं ठरलं. पोलिसांत दिलं नाही, हा बाबांचा मोठेपणा. त्यानंतर सुगंधाला कुणी कामाला ठेवलं नाही आणि ती मासळी विकायला बसली. नीरजा तेव्हा कॉलेजात होती. तेव्हापासून आजतागायत ती बाजारात सुगंधापुढून जाताना मान वर करून जायची आणि मुद्दाम तिच्या शेजारणीकडून बांगडे घ्यायची.

"काय झालां, बाई?" बाबूने विचारलं.

"काही नाही. दोन नाणी घरी नेते. बाबांना दाखवते."

"न्हेवा की. पण शब्द बरो येऊक व्हयो हां."

बाबा पडवीत आरामखुर्चीत बसले होते. कस्टमची नोकरी सुटली तरी त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा सोडला नव्हता आणि घरातही ते पुस्तकी मराठीच बोलत. मालवणी बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी चप्पल घालून देवघरात जाणं.

नीरजाने आधी खोटं नाणं दिलं. बाबांनी ते अंगठा आणि तर्जनीत काठावर धरलं, एकदा उन्हाकडे कलवलं, आणि त्यांच्या तोंडावर ते जुनं, आनंदी कुत्सित हसू आलं.

"कुणाचं हे? त्या ट्रॉलरवाल्याचं? अरे, निदान रंग द्यायला आधी थोडं शिकावं माणसाने. हा रंग नाही, हा गिलावा आहे. हे बघ, अक्षराच्या डोक्यावर आणि अक्षराच्या पोटात एकच थर. दोनशे वर्षांत या नाण्याला एकाही माणसाचा अंगठा लागला नाही असं म्हणायचंय का याला? आणि ही खाच. साच्यातली आहे. असली नाणी बघायला भिंग लागत नाही, नाक पुरतं." त्यांनी ते टेबलावर टाकून दिलं. "आणि हे दुसरं?"

नीरजाने दुसरं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

बाबांनी ते उन्हाकडे नेलं नाही. एकदा उलटलं. बोट काठावरून फिरलं आणि त्या फटकून असलेल्या ठिपक्याशी थांबलं. मग त्यांनी तेही टेबलावर ठेवलं, पण पहिल्यासारखं टाकलं नाही.

"हेही तसलंच," ते म्हणाले. "खोटं."

"भिंगाने बघा ना."

"गरज नाही."

नीरजा त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाने आयुष्यात नाण्याबद्दल खोटं सांगितलेलं तिने ऐकलं नव्हतं. एकदा एका मंत्र्याच्या मेहुण्याला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या मोहरा पितळेच्या आहेत. ज्याने बायकोच्या आजारपणात पैशाची गरज असतानाही नाण्याबद्दल अंदाजाने शब्द काढला नाही, तो आज भर उन्हात मुरलेल्या रंगाला चढवलेला म्हणत होता. याचा अर्थ एकच होत होता.

"बाबा, हे आपलं आहे. तुम्हाला माहीत आहे हे आपलं आहे. बाबूकडे कसं गेलं, तेही तुम्हाला माहीत आहे."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"भाईने नेलं होतं," ते शेवटी म्हणाले. "पत्त्यात हरला. आठवड्याभराने रडत सांगितलं मला."

"आठवड्याभराने. म्हणजे सुगंधाला बाजारात..."

"ते तोपर्यंत होऊन गेलं होतं." बाबांचा आवाज चढला. "मग काय करायला हवं होतं मी? पुन्हा बाजारात जाऊन एका गाबतिणीचे पाय धरायचे? मुलगा कायद्याच्या परीक्षेला बसला होता. घरातली गोष्ट घरात राहिली, कुणाचं काही अडलं नाही."

"आईला ठाऊक होतं?"

"नाही. तिला सांगून काय उपयोग होता?"

आई सुगंधासाठी रडली होती. चोर निघाली म्हणून रडली होती, आणि तसंच मानत वारली. नीरजाने नाणी उचलली. तिला रागावता येईना. ज्या तुच्छतेने ती आजवर अख्ख्या गावाकडे बघत आली, ती तुच्छता तिला या खुर्चीतूनच मिळाली होती. आता खुर्चीकडे बघायला तिच्याकडे दुसरी नजर उरली नव्हती. इस्त्रीचा सदरा, पांढरे स्वच्छ केस, शुद्ध बोलणं. तिने फक्त एवढंच म्हटलं, "बाबूने निदान देवीच्या नावाने तरी खोटेपणा केला," आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाण्याआधी धक्क्यावर बाबूच्या शेडमध्ये गेली. बर्फाच्या पेट्या उतरत होत्या. तिने ते खरं नाणं पुढे केलं. "हे तुला भाईने दिलं."

बाबूने आढेवेढे घेतले नाहीत. "होय. पत्त्यात तो हरलो. मियां तेवा इकतलंय म्हणान ठेवलंय, मगे इकूक जीव झालो नाय. लय बरां दिसता ता." मग तो जरा जवळ सरकला. "तुमका कळतला ह्या माका म्हायतच होतां, बाई. म्हणानच तां त्यांतू घातलंय. तुमी गप, मी गप. सगळी खरी म्हणा, भाईचा नाव कोणाच्या तोंडात येवचा नाय."

म्हणजे थैलीतलं ते नाणं चुकून राहिलेलं नव्हतं, ती धमकी होती. या माणसाला आपण गाढव समजत होतो, हे नीरजाला स्वतःशी कबूल करावं लागलं. चोरीचा माल इतकी वर्षं जपून ठेवणारा, त्याच्यावरून साचा काढणारा आणि वर हसतमुखाने सौदा सांगणारा हा बाबू तिला त्या क्षणी बाबांपेक्षा उजवा वाटला, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"जत्रेला येते मी," ती म्हणाली आणि दोन्ही नाणी त्याच्या हातावर ठेवली. "बोलते."

सभामंडप भरून वाहत होता. पुढे मानकरी, मागे बायका, खांबांना टेकून तरुण पोरं. देवीपुढे चांदीच्या ताटात नाणी मांडली होती आणि ध्वनिक्षेपकावर बाबूचा पूर्वज गलबतं पकडत होता. बाबा आले नव्हते. भाई कुडाळहून आला होता, बाबूशेजारी पहिल्या रांगेत बसला होता. मित्राच्या निवडणुकीत तोही होताच.

नीरजाचं नाव पुकारलं. ती उठली, ताटातलं एक नाणं तिने उचललं आणि वर्गात बोलते तशा आवाजात बोलायला लागली.

"ही नाणी यंदा पाडलेली आहेत. यांच्यावरचा रंग धुरीने चढवलाय. कुणाला बघायचं असेल तर त्याने वास घ्यावा." मंडपात खसखस पिकली. "यांच्यात एकच जुनं आहे. ते आमच्या घरातलं आहे. पंधरा वर्षांपूर्वी ते चोरीला गेलं आणि माझ्या वडिलांनी बाजारात सुगंधाबाईंना चोर म्हटलं. सुगंधाबाईंनी चोरी केली नाही. ते माझ्या भावाने नेलं आणि पत्त्यात हरला. तो इथेच बसलाय."

खसखस एकदम थांबली. भाई उठून उभा राहिला, आणि सगळी डोकी आपल्याकडे वळलेली बघून मागच्या दाराने बाहेर पडला. वडिलांना सगळं माहीत होतं, हेही नीरजाच्या ओठांवर आलं होतं. पण ते मात्र तिच्याने बोलवेना. ती खाली उतरली.

आता बाबू तोंडघशी पडला असं कुणालाही वाटलं असतं. पण त्याने शांतपणे माइक हातात घेतला.

"बाई शिकलेली आसत, तेंचा खरा असतला," तो म्हणाला. "माका सोनारान फसवल्यान. पण रंग खोटो आसलो तरी सोना खरां आसा मां? देवी काय रंग बघता? आई, तू घे गो माझ्या हातचा!"

आणि त्याने सगळं ताट देवीच्या पेटीत रिकामं केलं. खोटी नाणीही आणि पणजीचं खरं नाणंही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या की नीरजाच्या कानांना दडे बसले. पुढे निवडणुकीत बाबू चांगल्या मतांनी निवडून आला. त्या पूर्वजाचं नाव नंतर कुणी काढलं नाही, त्याची गरजच पडली नाही.

भाई घरी येऊन थयथयाट करून गेला. लहानपणीची चूक, अशी कुणी चव्हाट्यावर मांडतं का, अशिलं काय म्हणतील. "लहानपणीची?" नीरजाने विचारलं. "मिशा होत्या तुला." बाबा आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत.

त्या आठवड्यात नीरजा मासळी बाजारात गेली आणि पहिल्यांदाच सुगंधापुढे थांबली. सुगंधा आता चाळिशीची झाली होती, हातांना खवल्यांची चमक, समोर पाटीत ताजे पेडवे. जत्रेतलं सगळं तिच्यापर्यंत पोचलं होतं. नीरजाने शब्द जुळवून आणले होते. आमच्याकडून मोठा अन्याय झाला, मी माफी मागायला आलेय, असं तिने म्हटलं.

सुगंधाने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. इतकी वर्षं नीरजा तिच्याकडे बघायची, अगदी तसंच.

"तू कित्याक मागतस माफी?" ती म्हणाली. "तू म्हटलेलंस काय चोर? तू नुसती नाक वर करून जायत होतस. तेची माफी माका नको. ज्येनां हयसर उभो रवान म्हटल्यान, तेका हयसर धाड. ज्या तोंडान म्हटल्यान त्या तोंडान सांगांदे."

नीरजाने घरी येऊन बाबांना निरोप दिला. बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "त्या बाईला म्हणावं, स्वप्नं बघ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नीरजा बांगडे आणायला गेली तर सुगंधाच्या शेजारणीने पाटीवर फडकं टाकलं. "संपले गो." पाटी भरलेली होती. पलीकडची हौसाबाई तर बोललीही नाही, नुसती पाठ फिरवून बसली. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मणचेकरांसाठी मासळी संपली होती. कुणी कुणाला सांगितलं, कधी ठरलं, काही कळलं नाही. नीरजा रिकाम्या पिशवीने परत आली. तिला बाजाराचा राग आला नाही, उलट बरं वाटलं.

तिने भोपळ्याची भाजी केली. दुसऱ्या दिवशी पडवळ. मग पुन्हा भोपळा.

बाबांचं जेवण म्हणजे दुपारी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि रात्री एखादी तळलेली तुकडी. आधी त्यांनी कुत्सितपणे हसून चालवलं. मग शेजारच्या गड्याला पैसे देऊन पाठवलं, पण बायकांनी त्याला बरोबर ओळखलं. मग ते छत्री घेऊन खानावळीत गेले, तर खानावळवाला हात जोडून म्हणाला, "बाबानूं, माका रोज तेंच्याकडसून मासळी घेवची आसा." भाईने कुडाळहून बर्फातली सुरमई पाठवली. बाबांनी एक घास तोंडात घेतला आणि ताटाबाहेर टाकला. नाण्याचा रंग ज्याला कळतो, त्याला शिळी मासळी कळणार नाही असं कसं होईल.

पुढे पुढे ते चिडचिडे झाले. ताटाकडे बघून उठून जायला लागले. सदऱ्याला इस्त्री करायचं राहून जाऊ लागलं. नीरजा मुकाट्याने भोपळा चिरायची. तिला एकदाच वाटलं, यांची कीव यावी. ती आली नाही.

एके दिवशी सकाळी बाबा पिशवी घेऊन स्वतःच निघाले. नीरजा मागोमाग गेली. लिलाव नुकताच आटपला होता, बाजार तुडुंब भरला होता. बाबा सुगंधासमोर उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला.

"सुगंधाबाई, त्या प्रकरणात माझा काही गैरसमज झाला होता."

सुगंधा शेजारणीकडे वळली. "काय म्हणतत गो ते? माका आयकाक येना नाय."

आजूबाजूचे आवाज कमी झाले. बाबा थोडं मोठ्याने तेच पुन्हा म्हणाले.

"गैरसमज म्हणजे काय ता माका ठाऊक नाय," सुगंधा म्हणाली. "तेवा आमच्या भाषेत सांगलेलास. आता पण आमच्याच भाषेत सांगा."

बाबांची मान ताठ होती. त्यांनी आजूबाजूला बघितलं. पाट्यांवर रुपेरी बांगडे, डोळे अजून तुळतुळीत. नीरजाने त्यांची नजर बांगड्यांवर थांबलेली पाहिली.

"सुगंधा चोर नाय," बाबा म्हणाले. कैक वर्षांत त्यांच्या तोंडातून मालवणी निघाली नव्हती. "चोर माझो झील. माका तेवा म्हायत नव्हतां."

"म्हायत होतां," नीरजा मागून म्हणाली.

बाबा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं आश्चर्य होतं, जणू भिंतच बोलली. नीरजाने नजर हटवली नाही. "तिका चोर म्हटलास तेवा नव्हतां. पण आठ दिसांनी कळलेलां. मगे पंधरा वर्सां म्हायत होतां."

बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग खाली बघत म्हणाले, "होतां."

सुगंधाने मान डोलावली. चेहऱ्यावर राग नाही, समाधानही नाही. तिने पाटीवरचं फडकं काढलं, बांगडे वेचले, पिशवीत टाकले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

त्या दुपारी बाबांनी कित्येक दिवसांनी पोटभर जेवण केलं. काटे चोखून चोखून ताटाच्या कडेला रचले, वर सोलकढीची वाटी संपवली आणि विचारलं, "उद्या पापलेट मिळेल का बघ." भर बाजारात कबूल केलेल्या गोष्टीबद्दल ते तेव्हाही बोलले नाहीत, पुढेही नाहीत. त्यांना मासळीने बोलतं केलं होतं, पश्चात्तापाने नाही, हे नीरजाला स्वच्छ दिसत होतं. तिने त्यांना वाढलं आणि स्वतः उपाशीच उठली. पुढच्या जूनमध्ये ती जामसंड्याच्या शाळेत बदली मागून गेली, तिथे एक खोली घेऊन राहिली, आणि बाबांच्या स्वयंपाकाला दुसरी बाई लागली.

मालवणात आली की ती मासळी सुगंधाकडूनच घ्यायची. सुगंधा तिला चांगली मासळी द्यायची, भावही योग्य लावायची. पण बोलायची ती शेजारणीशी.